डबा क्रमांक २४१९-डी

पॅरिसच्या ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर काँपिएन्य हे जुने शहर आहे आणि त्याला लागूनच ओक व बीचच्या झाडांचे दाट जंगल आहे. या जंगलात एके ठिकाणी झाडी एकदम मागे सरते आणि मोठे गोलाकार मैदान लागते. मैदानात रुळांचे दोन तुकडे आहेत, त्यांवरून आता कोणतीही गाडी जात नाही. मधोमध एक प्रचंड शिळा आहे, एका बाजूला एका सेनापतीचा पुतळा आहे आणि कडेच्या बैठ्या इमारतीत रेल्वेचा एक डबा जपून ठेवलेला आहे. आत लांब टेबल, त्याभोवती खुर्च्या, आणि कोण कुठे बसले होते हे सांगणाऱ्या नावांच्या पाट्या. डब्यावर क्रमांक आहे २४१९-डी. क्रमांक खरा आहे. डबा मात्र तो नव्हे.

मूळ डबा १९१४ साली तयार झाला तो प्रवाशांना जेवण वाढण्यासाठी. आंतरराष्ट्रीय शयनयान कंपनीच्या ताफ्यातील तो एक साधा भोजन-डबा होता आणि महायुद्ध झाले नसते, तर इतर डब्यांसारखाच झिजून भंगारात गेला असता. परंतु १९१८ च्या शरद ऋतूत दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती मार्शल फेर्दिनाँ फॉश यांना फिरते कार्यालय हवे होते, म्हणून जेवणाची टेबले काढून तिथे नकाशे पसरता येतील असे एकच मोठे टेबल बसवण्यात आले.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मनीने युद्ध थांबवण्याची विनंती केली, तेव्हा बोलणी कुठे करायची हा प्रश्न उभा राहिला. फॉश यांचे मुख्यालय साँलिस या गावात होते. तिथे बोलणी करणे सोयीचे होते, पण १९१४ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने याच गावच्या महापौरांना आणि इतर काही ओलिसांना गोळ्या घातल्या होत्या. त्या गावातून जर्मन प्रतिनिधींना नेणे म्हणजे लोकांच्या संतापाला आमंत्रण देणे होते. म्हणून जंगलातली ही जागा निवडण्यात आली. लांब पल्ल्याच्या, रुळांवरून चालणाऱ्या तोफांसाठी तिथे रेल्वेचे फाटे आधीच टाकलेले होते. एका फाट्यावर फॉश यांची गाडी उभी राहिली, दुसऱ्यावर जर्मनांची, आणि मधल्या चिखलावर फळ्या टाकून पायवाट केली गेली. पुढे ज्या जागेचे राष्ट्रीय सूडाच्या रंगमंचात रूपांतर झाले, ती मुळात कोणाची नजर पडू नये म्हणून निवडलेली होती, हे विसरता कामा नये.

८ नोव्हेंबरच्या सकाळी जर्मन शिष्टमंडळ या डब्यात आले. त्याचे नेतृत्व कोणा सेनापतीकडे नव्हते, तर मॅथियास एर्झबेर्गर या कॅथलिक पक्षाच्या नागरी राजकारण्याकडे होते. फॉश यांनी विचारले, आपण कशासाठी आला आहात? शस्त्रसंधीसाठी दोस्त राष्ट्रांचे प्रस्ताव ऐकायला आलो आहोत, असे उत्तर मिळाले. त्यावर फॉश म्हणाले, माझ्याकडे कोणतेही प्रस्ताव नाहीत. पाहुण्यांनी गोंधळून एकमेकांकडे पाहिले. शस्त्रसंधी आम्हीच मागत आहोत, असे त्यांच्या तोंडून स्पष्टपणे वदवून घेतल्यावरच फॉश यांचे उजवे हात जनरल मॅक्सिम वेगाँ यांनी अटी वाचून दाखवायला सुरुवात केली. वेगाँ यांचे नाव ध्यानात ठेवावे. त्यांची पुन्हा गाठ पडणार आहे.

अटी कठोर होत्या. जर्मनीने फ्रान्स आणि बेल्जियमचा व्यापलेला मुलूख सोडायचा, १८७१ पासून ताब्यात ठेवलेले अल्सास आणि लोरेन हे सीमेवरचे फ्रेंच प्रांत रिकामे करायचे, ५,००० तोफा, २५,००० मशीनगन आणि १,७०० विमाने द्यायची. शिवाय ५,००० रेल्वे इंजिने आणि १,५०,००० डबे व वाघिणी चालत्या स्थितीत हवाली करायच्या. उत्तरासाठी मुदत ७२ तासांची. तोवर निदान गोळीबार तरी थांबवावा ही एर्झबेर्गर यांची विनंती फेटाळण्यात आली. इकडे जंगलात ही घासाघीस चालू असतानाच ९ नोव्हेंबरला बर्लिनमध्ये कैसरची राजवट कोसळली आणि ज्या सरकारने शिष्टमंडळ पाठवले होते, तेच जाग्यावर उरले नाही. अखेर ११ नोव्हेंबरच्या पहाटे पाच वाजून गेल्यावर सह्या झाल्या आणि अकरा वाजता सर्व आघाड्यांवर युद्ध थांबेल असे ठरले.

सही आणि शांतता यांच्यामधल्या त्या पाच-सहा तासांतही माणसे मरत राहिली. लोझेरच्या डोंगराळ भागातला मेंढपाळ ओग्यूस्ताँ त्रेब्युशाँ युद्धाच्या पहिल्या महिन्यापासून आघाडीवर होता आणि निरोप्याचे काम करत होता. म्यूज नदीच्या काठी अकरा वाजायला काही मिनिटे उरली असताना तो गोळी लागून पडला. साडेअकरा वाजता जेवणासाठी जमायचे आहे, एवढाच निरोप तो पोहोचवत होता. युद्धात कामी आलेल्या सुमारे १४ लाख फ्रेंच सैनिकांमध्ये तो शेवटचा मानला जातो. त्याच्या थडग्यावर मात्र मृत्यूची तारीख १० नोव्हेंबर अशी कोरलेली आहे. विजयाच्या दिवशी कोणी मेले असे दिसू नये, अशीच त्यामागची भावना असावी असे मानले जाते.

डब्यात सही करणाऱ्या एर्झबेर्गर यांनाही ती सही महागात पडली. रणांगणावर हरलेले सेनापती नामानिराळे राहिले आणि नागरी नेत्यांनी सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला, अशी समजूत जर्मनीत पद्धतशीरपणे पसरवण्यात आली. १९२१ च्या ऑगस्टमध्ये ब्लॅक फॉरेस्टमध्ये फिरायला गेले असताना अतिरेकी राष्ट्रवाद्यांनी त्यांची गोळ्या घालून हत्या केली.

विजयी फ्रान्सने त्या जागेचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. जंगल साफ करून १९२२ मध्ये हे मैदान आखण्यात आले आणि मधल्या शिळेवर कोरले गेले की, ११ नोव्हेंबर १९१८ रोजी येथे जर्मन साम्राज्याचा गुन्हेगारी उन्माद धुळीला मिळाला. ज्या स्वतंत्र लोकांना गुलाम करण्याची त्याची आकांक्षा होती, त्याच लोकांनी त्याचा पराभव केला. प्रवेशापाशी आणखी एक स्मारक उभारले गेले : तलवारीने भोसकलेला, पालथा पडलेला जर्मन गरुड. डबा काही वर्षे पॅरिसमधल्या अँव्हालीद या लष्करी संग्रहालयाच्या प्रांगणात ऊनपाऊस सोसत उभा होता. १९२७ मध्ये तो एका अमेरिकी दात्याच्या पैशातून दुरुस्त होऊन मैदानाच्या कडेला बांधलेल्या इमारतीत आला.

अर्थात जागा निवडून अपमान करण्याची ही रीत फ्रान्सने शोधलेली नव्हती. १८७१ च्या जानेवारीत, फ्रान्सशी युद्ध चालू असतानाच, जर्मन साम्राज्याची घोषणा बर्लिनमध्ये न होता चौदाव्या लुईच्या व्हर्साय राजवाड्यातील आरसेमहालात झाली होती. १९१९ च्या जूनमध्ये फ्रान्सने त्याच आरसेमहालात जर्मनीला तहावर सही करायला लावून उट्टे काढले. उट्ट्याला उट्टे लागत गेले, आणि पुढची पाळी या डब्याची होती.

१९४० च्या मे आणि जूनमध्ये सहा आठवड्यांत फ्रान्स कोसळला. मार्शल पेताँ यांच्या सरकारने शस्त्रसंधी मागितली, तेव्हा ती कुठे करायची याबद्दल हिटलरच्या मनात शंका नव्हती. जर्मन सैनिकांनी इमारतीची भिंत फोडून डबा बाहेर ओढला आणि १९१८ मध्ये तो जिथे उभा होता, नेमका तिथे आणून ठेवला. पालथ्या गरुडावर जर्मन युद्धध्वज टाकून तो झाकला गेला. २१ जूनच्या दुपारी हिटलर आला, शिळेवरचा मजकूर त्याने थांबून वाचला, मग डब्यात शिरून फॉश ज्या जागी बसले होते त्याच जागी बसला. जनरल कायटल यांनी प्रस्तावना वाचली. ती संपताच, जेमतेम पंधरा मिनिटांत, एक शब्दही न बोलता हिटलर उठून निघून गेला. अटींवर चर्चा करायला तो आलाच नव्हता.

फ्रेंच शिष्टमंडळाचे प्रमुख जनरल हुंत्सिगेर यांना आपल्याला कुठे नेले जात आहे हे ऐन वेळेपर्यंत सांगितले गेले नव्हते. अटी कळवण्यासाठी त्यांना बोर्दोला असलेल्या आपल्या सरकारशी दूरध्वनीवरून बोलू देण्यात आले. दुसऱ्या टोकाला फ्रान्सचे नवे संरक्षणमंत्री होते आणि ते होते मॅक्सिम वेगाँ. बावीस वर्षांपूर्वी याच डब्यात उभे राहून ज्यांनी जर्मनांना अटी वाचून दाखवल्या होत्या, ते आता तारेच्या पलीकडून त्याच डब्यातल्या अटी ऐकत होते. एखाद्या नाटककाराने असा प्रसंग लिहिला असता, तर तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटला असता.

२२ जूनच्या संध्याकाळी सह्या झाल्या. देशाचा सुमारे तीन पंचमांश भाग जर्मनांच्या ताब्यात गेला आणि त्यांच्या सैन्याचा खर्च म्हणून दिवसाला ४० कोटी फ्रँक मोजण्याची वेळ फ्रान्सवर आली. हिटलरच्या आज्ञेने मैदान उद्ध्वस्त करण्यात आले. शिळा आणि गरुडाचे स्मारक सुटे करून जर्मनीला नेले गेले. फॉश यांच्या पुतळ्याला मात्र हात लावला गेला नाही. आपल्या विजयाच्या जागेचे झालेले ओसाड रान त्याने एकट्याने पाहत राहावे, असा त्यामागचा हिशेब होता. डबा बर्लिनच्या लुस्टगार्टन चौकात मांडला गेला आणि तो पाहायला गर्दी लोटली. बॉम्बहल्ले वाढल्यावर तो थुरिंगियात हलवण्यात आला, आणि १९४५ मध्ये युद्धाच्या अखेरच्या काळात तिथेच नष्ट झाला.

या सगळ्या ओढाताणीत अल्सासच्या लोकांचे काय झाले, याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८७० मध्ये तिथे जन्मलेल्या आणि १९४५ पर्यंत जगलेल्या माणसाचा देश, तो घरातून न हलता, चार वेळा बदलला. दुसऱ्या महायुद्धात अल्सास आणि लोरेनच्या मोझेल भागातल्या सुमारे १,३०,००० तरुणांना सक्तीने जर्मन सैन्यात भरती करण्यात आले. ‘मनाविरुद्ध गेलेले’ या अर्थाच्या ‘मालग्रे-नू’ या नावाने ते आजही ओळखले जातात. स्ट्रासबूर्गच्या रिपब्लिक चौकात १९३६ साली उभारलेले युद्धस्मारक आहे. एक आई आपल्या दोन मरणासन्न मुलांना सावरून बसली आहे. मुलांच्या अंगावर कपडे नाहीत, कारण गणवेश दाखवायचा झाला तर एकाचा फ्रेंच दाखवावा लागला असता आणि दुसऱ्याचा जर्मन. खाली एवढेच लिहिले आहे : ‘आमच्या मृतांस’. कोणत्या देशासाठी ते मेले, हे तिथे लिहिलेले नाही. काँपिएन्यच्या शिळेवरील मजकूर आणि हा मजकूर, दोन्ही फ्रान्सच्याच भूमीवर आहेत.

याच सीमाभागातून पुढची वाट निघाली. रोबेर शुमान यांचे वडील लोरेनचे होते. शुमान स्वतः लक्झेंबर्गमध्ये जन्मले, जर्मन नागरिक म्हणून वाढले, जर्मन विद्यापीठांत कायदा शिकले आणि १९१८ नंतर फ्रेंच झाले. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री या नात्याने ९ मे १९५० रोजी त्यांनी जाहीर केले की फ्रान्स आणि जर्मनीचे कोळसा आणि पोलाद यांचे उत्पादन एका सामायिक यंत्रणेखाली आणावे. कल्पना फ्रान्सचे नियोजनप्रमुख झाँ मोने यांची होती आणि तिच्यात भाबडेपणा नव्हता. कोळसा आणि पोलाद यांवाचून तोफा होत नाहीत. तेव्हा तोच कारखाना सामायिक केला की एकाला दुसऱ्याच्या नकळत युद्धाची तयारी करता येणार नाही. १९५१ मध्ये सहा देशांनी या करारावर सह्या केल्या आणि आजच्या युरोपीय संघाचा पाया घातला गेला.

२२ जानेवारी १९६३ रोजी फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शार्ल द गॉल आणि पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर यांनी पॅरिसमध्ये एलिझे करार हा मैत्रीचा करार केला. जर्मन संसदेने मान्यता देताना त्याला अमेरिका आणि नाटो यांच्यावरील निष्ठेची प्रस्तावना जोडली, तेव्हा द गॉल चिडले आणि म्हणाले की करार हे तरुण मुलींसारखे आणि गुलाबांसारखे असतात, टिकतात तोवर टिकतात. आडेनाउअर यांना बागकामाचा नाद होता. गुलाबाइतके चिवट झाड दुसरे नाही, असे त्यांनी ऐकवले. या करारातून दोन्ही देशांच्या तरुणांसाठी एक संयुक्त कार्यालय निघाले आणि आजवर ९० लाखांहून अधिक मुलेमुली त्याच्या उपक्रमांतून एकमेकांच्या देशात गेली आहेत. शिखर परिषदांपेक्षा परक्या घरी काढलेल्या या दोन-तीन आठवड्यांचे मोल आम्हांला अधिक वाटते.

आता पुन्हा डब्याकडे. शुमान यांनी जर्मनीपुढे हात केला, त्याच १९५० सालच्या ११ नोव्हेंबरला काँपिएन्यच्या नव्याने बांधलेल्या इमारतीत त्याच मालिकेतला दुसरा डबा आणून ठेवण्यात आला. त्याचा क्रमांक होता २४३९-डी. तो पुसून त्यावर २४१९-डी असे लिहिण्यात आले. एका हाताने मैत्री आणि दुसऱ्या हाताने जुन्या विजयाची डागडुजी, अशी ही गोष्ट आहे, आणि तिच्यात विसंगती आहे असे त्या वेळच्या फ्रान्सला वाटले नसावे. शिळा परत आली, तलवारीने भोसकलेला गरुडही परत आला, आणि दोन्ही आज जागच्या जागी आहेत.

१० नोव्हेंबर २०१८ रोजी, शस्त्रसंधीच्या शताब्दीच्या आदल्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्राँ आणि चॅन्सेलर अंगेला मर्केल या मैदानात आले. १९४० नंतर दोन्ही देशांचे नेते इथे प्रथमच एकत्र येत होते. फ्रेंच आणि जर्मन अशा दोन्ही भाषांतल्या, समेटाचा उल्लेख असलेल्या एका नव्या फलकाचे त्यांनी अनावरण केले आणि डब्यात जाऊन ते बसले. समोरासमोर नव्हे, टेबलाच्या एकाच बाजूला. बाहेर जमलेल्या लोकांमध्ये १०१ वर्षांच्या एक आजी होत्या. राष्ट्राध्यक्षांशी हस्तांदोलन झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या मर्केल यांच्याकडे वळून त्यांनी विचारले, आपण मॅक्राँबाई का? मर्केल यांनी हसून फ्रेंचमध्येच सांगितले की नाही, मी जर्मनीची चॅन्सेलर.