वाटी, लाटणं आणि होडी

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावणात पावसाने दिवसभर धरलं की मुलं घरात कोंडून पडतात आणि दुपारपर्यंत "आता काय करू?" सुरू होतं. आज आपण त्यांच्याबरोबर होड्या करू या. सामान घरातलंच आहे: वहीचे कागद, एक मेणबत्ती, दुधाचा किंवा ताकाचा एक लिटरचा रिकामा खोका, आइसक्रीमच्या दोन काड्या, चार-पाच रबरबँड, नारळी खराट्याच्या सहा-सात काड्या आणि कापराची एक वडी. नुकतीच सत्यनारायणाची पूजा झाली असेल, तर चौरंगाला बांधलेले केळीचे खुंट टाकू नका. पाण्यासाठी परात आणि कपडे भिजवायचा टब.

पण कात्री हातात घेण्याआधी स्वयंपाकघरातून एक स्टीलची वाटी आणि एक लाकडी लाटणं आणा. वाटी पाण्यावर अलगद ठेवा, ती तरंगते. तीच वाटी आडवी करून सोडा, सरळ तळाला जाते. लाटणं मात्र आडवं टाका, उभं टाका, दाबून धरून सोडा, ते वर येतंच. तरंगण्याचे हे दोन प्रकार आहेत. वाटी तरंगते ती पोकळ आहे म्हणून, पाणी आत शिरत नाही तोवरच. लाटणं तरंगतं ते अंगानेच पाण्यापेक्षा हलकं म्हणून. तुमची होडी वाटीच्या जातीची आहे की लाटण्याच्या, हे मुलांना आधी विचारा. होडी का बुडाली, याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

कागदाची होडी वाटीच्या जातीची. घडी कशी घालायची ते घरातल्या कुणाला तरी येतंच, म्हणून ते सांगत बसत नाही. ती का विरघळते ते सांगतो. कागद म्हणजे तंतूंचं जाळं, आणि पाणी तंतूतंतूंतून वर चढतं. वर्तमानपत्राचा कागद सर्वांत आधी भिजतो. वहीच्या कागदाला खळ असते, तो जरा जास्त टिकतो. पण कुठलाही कागद आधी भिजतो तो घडीवर, कारण घडी घालताना तिथले तंतू मोडलेले असतात. म्हणून मेण लावायचं ते घड्या पूर्ण झाल्यावर. आधी मेण लावून मग घडी घातली, तर नेमकं घडीवरच मेण तडकतं. तयार होडी बाहेरून, तळापासून दोन बोटं उंचीपर्यंत, मेणबत्तीने घासा. तळाच्या मधल्या घडीवर आणि दोन्ही टोकांवर पाच-सहा वेळा घासा. मुलांचे मेणाचे खडूही हेच काम करतात, त्यामुळे लहान मुलांना सांगा, "होडी रंगव, पण पांढरा कागद कुठे दिसायला नको." मग रंगकामच तिला पाण्यापासून राखतं.

या होडीची दुसरी खोड म्हणजे कलंडणं. मधला त्रिकोण उंच असतो आणि तळ अरुंद. त्या त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंना, अगदी खाली, दोन-दोन चिंचोके ठेवा आणि मेणबत्तीच्या एकेका थेंबाने चिकटवून टाका. थेंब मोठ्यांनी पाडायचा. चिंचोके मोकळे राहिले, तर होडी जरा झुकली की घरंगळून त्याच बाजूला जमतात आणि ती आणखी झुकते.

आता खोक्याची होडी. ही स्वतःच्या बळावर चालते, म्हणून तिच्यावर जास्त वेळ घालवण्यासारखा आहे. खोका धुऊन वाळवा, त्याचं झाकण घट्ट लावा. तो आडवा ठेवून वरची रुंद बाजू कापून काढली की खोलगट ताट मिळतं. कापलेली बाजू फेकू नका, तिचंच चाक होणार आहे. खोक्याच्या आतबाहेर प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तो भिजत नाही. पण कापलेल्या कडेला आतला पुठ्ठा उघडा पडतो आणि तिथून पाणी पितो. त्या कडांवरही मेण फिरवा. काठ निदान तीन बोटं उंच राहू द्या.

होडीच्या दोन लांब कुशींना बाहेरून एकेक आइसक्रीमची काडी आडवी लावा. दोन रबरबँड सगळ्या होडीभोवती चढवले की काड्या जागच्या जागी बसतात. काड्या मागच्या बाजूला सहा सेंटिमीटर बाहेर राहिल्या पाहिजेत, दोन्ही सारख्या. एक थोडी जास्त बाहेर राहिली तर चाक तिरकं बसतं आणि होडी गोल गोल फिरत राहते. आता काड्यांच्या मागच्या टोकांवर एक रबरबँड ताणून बसवा, म्हणजे त्याचे दोन पदर आडवे दिसतील. कापून ठेवलेल्या पुठ्ठ्यातून साडेचार सेंटिमीटर बाय साडेतीन सेंटिमीटरचा तुकडा काढा आणि त्या दोन पदरांच्या मध्ये सरकवा. तो निसटू नये म्हणून मधोमध स्टेपलरची एक पिन मारा. चाक तयार.

पिळायचं कसं? चाकाची वरची कड होडीपासून दूर, मागच्या बाजूला ढकलत फिरवा. पंधरा-वीस पीळ द्या, बोटाने धरून होडी पाण्यावर ठेवा आणि सोडा. सोडल्यावर खालची कड पाणी मागे ढकलते आणि होडी पुढे जाते. होडी उलटी चालली, तर पीळ उलटा दिला आहे, एवढंच.

इथे बहुतेकांची होडी अडते ती तीन ठिकाणी. पहिलं, पीळ वाढला की काड्यांची टोकं आत ओढली जातात आणि चाक काडीला घासून थांबतं. दोन काड्यांच्या मध्ये, होडीच्या काठाला लागून, काडीचाच एक तुकडा आडवा अडकवा. चाकाच्या दोन्ही बाजूंना निदान एक बोट जागा मोकळी हवी. दुसरं, रबर सैल असलं तर पीळ सुटतो पण चाकात जोर येत नाही, त्याला दुहेरी वेढा द्या. तिसरं कारण सहज ध्यानात येत नाही: मागचा भाग जड झाला की सगळं चाक पाण्याखाली जातं. मग खालची कड पाणी मागे ढकलते, वरची कड तितकंच पाणी पुढे ढकलते, आणि होडी जागच्या जागी फडफडते. चाकाचा अर्धा भाग तरी पाण्याबाहेर दिसला पाहिजे. त्यासाठी पुढच्या टोकात दोन-तीन खडे टाका, मागचा भाग वर येतो.

खोक्याची होडी किती ओझं नेईल, याचा हिशेब चौथी-पाचवीतली मुलं स्वतः मांडू शकतात. तळ दहा सेंटिमीटर लांब आणि दहा सेंटिमीटर रुंद असेल, तर ती एक सेंटिमीटर बुडते तेव्हा 100 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारते. एवढ्या पाण्याचं वजन 100 ग्रॅम. म्हणजे 100 ग्रॅम ओझ्याला होडी एक सेंटिमीटर खाली जाणार. आधी फूटपट्टीने आपल्या होडीचा तळ मोजून आकडा काढायचा, मग बिस्किटाचा न फोडलेला पुडा ठेवून बघायचं. त्याच्यावर वजन छापलेलंच असतं.

लाटण्याच्या जातीची होडी केळीच्या सोपटाची. केळीचा खुंट म्हणजे एकावर एक गुंडाळलेली सोपटं. बाहेरचं सुकलेलं सोडून दुसरं किंवा तिसरं सोलून घ्या. त्याचा आडवा काप उजेडात धरून मुलांना दाखवा: जाळीसारखे कप्पे दिसतात, प्रत्येक कप्प्यात हवा. म्हणून सोपटाची टोकं बंद करावी लागत नाहीत, मध्ये भोक पडलं तरी ते बुडत नाही. कापण्याआधी एक काळजी घ्या. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळपट डाग पडतो आणि तो निघत नाही. जुने कपडे घाला, खाली वर्तमानपत्र पसरा.

वीतभर लांबीचा तुकडा कापा, पुढचं टोक निमुळतं करा. मधोमध खराट्याची काडी उभी टोचा, पंधरा सेंटिमीटरची. तिच्यात दहा बाय आठ सेंटिमीटरचा कागद वर-खाली टोचून शीड ओवा. पाण्यात सोडून पुठ्ठ्याने वारा घाला. ती उलटते. अरुंद होडी आणि उंच शीड, उलटणारच. उलटू द्या, कारण कोकणच्या किनाऱ्यावर याला जो जुना उपाय आहे, तो आता मुलांच्या हाताने करायचा आहे: उलांडी, म्हणजे होडीच्या एका बाजूला, जरा दूर बसवलेला तरंगता आधार.

होडीच्या एका कुशीत दोन काड्या आडव्या टोचा, एक पुढे, एक मागे. दोन्ही दहा सेंटिमीटर बाहेर राहू द्या. त्यांच्या टोकांना सोपटाचीच बोटभर रुंद, पंधरा सेंटिमीटर लांब पट्टी टोचून बसवा. आता होडी उलांडीच्या बाजूला झुकली तर पट्टी पाण्यात दाबली जाते आणि पाणी तिला वर रेटतं. उलट्या बाजूला झुकली तर ती पट्टी उचलावी लागते, आणि तिचं वजन होडीला परत खाली आणतं. पट्टी होडीला अगदी समांतर हवी. तिरकी बसली तर होडी वळत राहते. समांतर असूनही होडी उलांडीकडेच वळत असेल, तर पट्टीचं पुढचं टोक कोरून टोकदार करा, म्हणजे ती पाण्याला कमी अडते. सोपट दोन-तीन दिवस ताजं राहतं, मग आक्रसतं. त्यानंतर ते कुंडीत घाला.

शेवटी कापराची होडी, अगदी छोटी. परात साबणाने घासा आणि चार वेळा नुसत्या पाण्याने धुवा. साबणाचा अंशही राहिला तर ही होडी हलणार नाही. परातीत दोन बोटं पाणी घ्या. खोक्याच्या पुठ्ठ्याची तीन सेंटिमीटर लांब होडी कापा, पुढे टोक, मागे खाच. खाचेत ज्वारीच्या दाण्याएवढा कापूर असा अडकवा की तो पाण्याला टेकेल. होडी आपोआप पळू लागते. पाण्याच्या पृष्ठभागावर एक ताण असतो. कापूर मागच्या बाजूचा ताण कमी करतो, पुढचा तसाच राहतो आणि होडीला ओढून नेतो. ती पळत असताना केसांच्या तेलाचं बोट पाण्याला लावा. होडी जागीच थांबेल, कारण तेलाने सगळ्याच बाजूंचा ताण कमी केला. कापूर मात्र मोठ्यांनीच तोडायचा आणि मोठ्यांनीच अडकवायचा. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

लहान मुलाला पाण्याच्या टबाजवळ एकटं सोडू नका, पाणी वीतभर असलं तरी. पावसातल्या गटारात आणि ओढ्यात होड्या सोडायला पाठवू नका. खेळ झाला की टब पालथा घाला, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. खोक्याची होडीही पालथी ठेवून वाळवा, आणि चाकाचा रबरबँड काढून ठेवा. रात्रभर ताणलेला राहिला तर सकाळी त्यात जीव उरत नाही.

नमस्कार.