स्टिअरिंगमधली चार बोटं

(दृश्य: जुन्या पिकअपची केबिन. समोर सरळ रस्ता. ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर सारखे डावी-उजवीकडे.)

रस्ता नाकासमोर सरळ आहे, तरी या हातांना उसंत नाही. गाडी डावीकडे सरकली की स्टिअरिंग उजवीकडे ओढायचं, उजवीकडे झुकली की डावीकडे. मधली चार बोटं स्टिअरिंग नुसतंच फिरतं, पुढच्या चाकांना त्याची खबरही लागत नाही. मेकॅनिक एका वाक्यात सांगून मोकळा होतो : स्टिअरिंगला प्ले आलाय.

स्टिअरिंग 38 सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्याच्या कडेवर चार बोटं म्हणजे साधारण 20 अंश. जुन्या पिकअपमध्ये स्टिअरिंग 16 ते 20 अंश फिरवावं, तेव्हा चाक 1 अंश वळतं. म्हणजे चाकाशी हरवलाय तो जेमतेम 1 अंश. तो सहसा एका जागी सापडत नाही. इथे थोडा, तिथे थोडा, असा वाटला गेलेला असतो.

(दृश्य: गाडीच्या खालून. कॅमेरा स्टिअरिंग बॉक्सपासून चाकापर्यंत सरकतो.)

स्टिअरिंगचा दांडा खाली येतो, एका लवचिक कपलिंगमधून किंवा क्रॉस जॉइंटमधून बॉक्समध्ये शिरतो. बॉक्समध्ये आटे असलेला दांडा, त्यावर स्टीलच्या गोळ्यांवरून सरकणारा मोठा नट आणि त्या नटाच्या दात्यांत अडकलेला दुसरा, आडवा दांडा. या दुसऱ्या दांड्याच्या टोकाला पिटमन आर्म. काही ठिकाणी त्यालाच ड्रॉप आर्म म्हणतात. पुढे ड्रॅग लिंक किंवा सेंटर लिंक, काही गाड्यांत पलीकडच्या बाजूला आधाराला आयडलर आर्म, मग टाय रॉड, आणि शेवटी चाक. एवढ्या सांध्यांमधून हाताची हालचाल जाते. प्रत्येक सांध्याने केसभर खाल्ली, तरी शेवटी चार बोटं भरतात.

बॉक्सवर दात्यांमधली फट कमी करणारा एक स्क्रू असतो, लॉक नटने आवळलेला. प्ले आला की पहिला पाना तिथेच लागतो. वर आहे, हात पोचतो, पाव फेरी दिली की स्टिअरिंग लगेच घट्ट लागतं. त्या समाधानाइतकं फसवं या कामात दुसरं काही नाही. सैल आहे टाय रॉड एंड, म्हणजे टाय रॉडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, आणि आवळला जातोय बॉक्स.

(दृश्य: एक जण केबिनमध्ये, दुसरा टॉर्च घेऊन गाडीखाली.)

म्हणून आधी शोध. त्याला दोन माणसं लागतात. चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू हवं. इंजिन बंद असताना व्हॉल्व्हमधली पीळ घेणारी सळई वळते आणि नसलेला प्ले हाताला जाणवतो. चालू इंजिनपाशी सैल बाह्या, गळ्यातला गमछा नको.

"हं, हलव."

वरचा माणूस स्टिअरिंग हळूहळू डावी-उजवीकडे करतो, चाक वळेपर्यंत नाही, फक्त सैल भागापुरतं. खालचा प्रत्येक सांध्यावर बोट ठेवतो, अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर.

"थांब. पुन्हा. आणखी हळू."

एक भाग हलतोय आणि त्याला जोडलेला दुसरा गप्प आहे, तर चोर तिथेच. डोळ्याआधी बोटाला कळतं.

वरून सुरुवात केली तर पहिलं भेटतं कपलिंग. जुन्या गाड्यांत ही रबर आणि कापडाची चकती असते. बॉक्समधून गळणारं तेल तिला फुगवतं, मऊ करतं. ती फाटली तरी आतल्या सुरक्षा पिना दांड्याला धरून ठेवतात, त्यामुळे ड्रायव्हरला फक्त "जरा ढिलं झालंय" एवढंच वाटतं.

मग बॉक्स स्वतः. तो चेसिसवर हलतोय का? बोल्ट सैल असू शकतात, किंवा त्यांच्याभोवती चेसिसच्या पत्र्यालाच तडा गेलेला असतो. मोठे टायर घातलेल्या पिकअपमध्ये हे हटकून पाहावं. रंगातून उतरलेली गंजाची बारीक रेघ हा त्याचा माग. तिथे वेल्डिंग आणि जोडपट्टी लागते, आणि ते काम जाणत्यानेच करावं.

आयडलर आर्म हाताने वर-खाली ढकलून पाहायचा. टाय रॉड एंडचं रबरी बूट फाटलं असेल तर आत पाणी आणि माती गेलीच, आणि ग्रीस संपलं. ग्रीस भरायचा निपल असला तरी झिजलेला गोळा ग्रीसने भरून येत नाही.

(दृश्य: पुढचं चाक उचललेलं, खाली स्टँड.)

शेवटी चाक उचलायचं, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर नाही. वर आणि खाली धरून हलवा. ठकठक लागली, आणि ब्रेक दाबल्यावर गेली, तर बेअरिंग सैल. ब्रेक दाबूनही राहिली, तर चाक ज्यावर वळतं तो किंगपिन किंवा बॉल जॉइंट सैल.

टाय रॉड एंड बदलताना जुना काढण्याआधी त्याचे किती आटे बाहेर दिसतात ते मोजून ठेवायचं, म्हणजे चाकं निदान अलाइनमेंटपर्यंत, म्हणजे त्यांची दिशा नीट जुळवून घेईपर्यंत, नीट चालतील. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही, तर नट मागे घ्यायचा नाही. पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा.

आणि आता, हे सगळं झाल्यावरही प्ले उरला असेल तर, तो स्क्रू.

बॉक्स मुद्दामच मध्यावर किंचित घट्ट बनवलेला असतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीजही मध्यावरच जास्त. ती झाकायला स्क्रू फार आवळला, की मध्यापासून दूर, जिथे दाते अजून कोरे आहेत, तिथे स्टिअरिंग अडकतं. वळणात अडकलेलं स्टिअरिंग प्लेपेक्षा कितीतरी वाईट.

म्हणून पिटमन आर्मला जोडलेली लिंक सोडवायची, स्टिअरिंगच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या फेऱ्या मोजायच्या आणि बरोबर मध्यावर यायचं. लॉक नट सैल करून स्क्रू थोडाथोडा फिरवायचा, दर वेळी मध्यावरून स्टिअरिंग फिरवून पाहायचं. किती जड लागावं याचं माप त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. लॉक नट आवळताना स्क्रू दुसऱ्या हाताने धरून ठेवायचा, नाहीतर तोही सोबत फिरतो. मापात आणूनही ढिलं राहिलं, किंवा कुठे खरखर लागली, तर बॉक्स उघडावाच लागेल.

(दृश्य: पिकअप वळण घेऊन बाहेर पडते. ड्रायव्हरची पकड सैल होते, स्टिअरिंग आपोआप मध्यावर येतं.)

लिंक जोडली, अलाइनमेंट झालं. आता मोकळ्या जागी, कमी वेगात एक वळण. हात सैल सोडल्यावर स्टिअरिंग आपणहून मध्यावर परतलं पाहिजे. परतलं नाही, तर स्क्रू जास्त आवळला गेलाय : गाडी तिथेच थांबवून, पाना पुन्हा हातात.