मीटरवरचा आकडा आणि सीटखालचा गाळ

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या महिन्यात माझा भाचा बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला तो मोबाइल पुढे करतच. दोन गाड्या. दोन्ही एकाच जर्मन बनावटीच्या सेडान, दोन्ही नऊ वर्षांच्या. एकीच्या मीटरवर १ लाख ३८ हजार किलोमीटर, मागणी अकरा लाख. दुसरी फक्त ४६ हजार फिरलेली, साडेबारा लाख. "मामा, दीड लाख जास्त गेले तरी कमी फिरलेलीच घ्यावी ना?"

माझी उमर छाणी रस्त्यावरच्या गॅरेजात गेली. मी त्याला विचारलं, ती किती फिरली ते कळलं. कुठे फिरली, आणि कुठे उभी होती?

आपला बडोदा-अहमदाबाद एक्स्प्रेसवे ९३ किलोमीटरचा. त्यावर रोज ये-जा करणाऱ्याचे वर्षाला पन्नास हजार किलोमीटर सहज होतात. पण इंजिन एकदा तापलं की एका लयीत चालतं, गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये निवांत असतो. उलट घरून रावपुऱ्यात आणि रावपुऱ्यातून घरी एवढीच फिरणारी गाडी तेल नीट तापायच्या आत बंद होते. तिचा आकडा लहान दिसतो, झीज लहान नसते.

आणि आपल्या गावाला पाण्याचा इतिहास आहे. ऑगस्ट २०२४ आठवा. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट, नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. अकोटा, समा, फतेगंज, सगळीकडे गाड्या पाण्यात उभ्या. अशा कितीतरी गाड्या विमा कंपन्या टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणाऱ्या, ठरवतात, त्या लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. महागड्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक्सचे डबे अनेकदा सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या तळाशी असतात. पाणी तिथेच आधी शिरतं. गाडी चार महिने छान चालते, मग एकेक दिवा लागायला लागतो.

आम्ही आधी ती ४६ हजारवाली पाहिली. चकचकीत होती. मी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. मुळाशी पिवळट गाळाची रेघ. सीटच्या रुळांवर गंज. भाच्याने अंगठ्याने ती रेघ घासून पाहिली आणि काही बोलला नाही.

दुसरी पाहायला सकाळी सात वाजता गेलो, आणि आदल्या रात्रीच मालकाला सांगून ठेवलं होतं की आम्ही येण्याआधी सेल्फ मारू नका. बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. हवेचं सस्पेन्शन असलेली गाडी रात्रभर उभी राहून एका कोपऱ्यात बसली असेल तर त्या कोपऱ्यातला हवेचा रबरी फुगा गळतो आहे असं समजावं. ही चारही पायांवर सारखी उभी होती. सुरू करताच पहिल्या काही सेकंदांत इंजिनातल्या टायमिंग चेनची, म्हणजे झडपांची वेळ सांभाळणाऱ्या साखळीची, खडखड येते का, ते कान देऊन ऐकलं. आली नाही. मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लावला. सर्व्हिसची सगळी बिलं फाइलमध्ये होती आणि त्यांवरचे किलोमीटर मीटरशी जुळत होते.

एकच गोष्ट खटकली: गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नव्हतं. गाडीच्या पुस्तकात ते जन्मभराचं असं पुष्कळदा लिहिलेलं असतं, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते.

आता खरा प्रश्न पैशाचा. भाच्याकडे अकरा लाखच होते, आणि अकरा लाखांत अकरा लाखांची जुनी गाडी घेऊ नये, हे मी त्याला अगदी कळवळून सांगितलं. गाडी पन्नासाची अकरावर आली, तरी तिच्या पार्टची किंमत पन्नास लाखांच्या गाडीचीच राहते. चार टायर, एक सस्पेन्शन, एक ब्रेकचं काम, आणि लाख-दीड लाख गेलेच म्हणून समजा.

शिवाय विमा. आर.सी., म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, नावावर करायची ती कराच, पण विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या. नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, तो हिशेबात धरू नका.

फाइल पुढे ठेवून दोन दिवस बोलणी चालली. मालक पावणेदहावर आले. उरलेले सव्वा लाख भाच्याने वेगळ्या खात्यात टाकलेत, आणि येत्या सोमवारी गिअरबॉक्सच्या तेलासाठी गाडी माझ्याकडे येतेय.