शेवटचा पगार आणि त्याआधीची चौदा वर्षं

रविवार, ३० जुलै २०२३. अमेरिकेतल्या यलो या मालवाहतूक कंपनीनं त्या दिवशी काम थांबवलं. १९२४ साली ओक्लाहोमा सिटीत सुरू झालेली कंपनी. शंभरी गाठायला एक वर्ष राहिलं होतं. सुमारे ३०,००० माणसं कामाला, त्यांतली जवळजवळ २२,००० टीमस्टर्स या ट्रकवाल्यांच्या मोठ्या युनियनची सभासद. पुढच्या रविवारी, ६ ऑगस्टला, कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज कोर्टात दाखल केला. मला आज या दोन रविवारांमधल्या आठवड्याबद्दल बोलायचं आहे आणि त्याच्या मागच्या चौदा वर्षांबद्दलही.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. कामगार आधी काम करतो, पैसे त्याला नंतर मिळतात. आपण याला नोकरी म्हणतो, पण हिशेबाच्या वहीत पाहिलं तर ती उधारी आहे. ड्रायव्हरनं सोमवारपासून गाडी चालवली आणि पगार पुढच्या आठवड्यात व्हायचा असेल, तर तेवढे दिवस तो कंपनीचा धनको असतो. साठलेली रजा हीही उधारीच. पेन्शन तर सगळ्यांत लांब मुदतीची उधारी. फरक इतकाच, की बँक कर्ज देताना गाडी, जमीन, इमारत तारण लिहून घेते. कामगार काहीच लिहून घेत नाही. आपण कर्ज देतो आहोत हे त्याच्या मनातही नसतं. ते कळतं कंपनीनं हात वर केल्यावर, म्हणजे धनकोंच्या रांगेत उभं राहायची वेळ येते तेव्हा.

त्या रांगेत सगळ्यांत पुढे तारण असलेले धनको. त्यांच्यामागे खुद्द दिवाळखोरीच्या कामकाजाचा खर्च, म्हणजे वकील, हिशेबनीस, मालमत्ता विकण्याचा खर्च. मग पगार. अमेरिकेच्या कायद्यात पगाराला अग्रक्रम आहे आणि त्यात रजेचा, आजारपणाचा आणि नोकरी सुटताना द्यायचा पैसाही धरतात. पण त्याला दोन कुंपणं आहेत. एक रकमेचं: यलो बंद पडली तेव्हा ही मर्यादा माणशी १५,१५० डॉलर होती, १ एप्रिल २०२५ पासून ती १७,१५० झाली. दुसरं काळाचं: फक्त शेवटच्या १८० दिवसांत कमावलेलं. हे दिवस मागे मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून किंवा धंदा बंद झाल्याच्या तारखेपासून, यांतली जी आधीची असेल तिच्यापासून. ही तरतूद मला मनापासून आवडते. कंपनीनं काम थांबवून अर्ज करायला चार महिने लावले, तरी त्या दिरंगाईत कामगाराचे दिवस वाया जात नाहीत.

कुंपणाबाहेर जे राहतं, ते टायर पुरवणारा आणि छपाईवाला ज्या गर्दीत उभे असतात त्या गर्दीत जातं. तिथे डॉलरमागे किती सेंट मिळतील हे कोणी सांगू शकत नाही, आणि अनेकदा काहीच मिळत नाही.

आता तो आठवडा. १९८८ चा वॉर्न नावाचा कायदा सांगतो, की शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकानं मोठी कपात किंवा टाळेबंदी करण्याआधी ६० दिवसांची लेखी नोटीस द्यायची. दिली नाही, तर जास्तीत जास्त ६० दिवसांचा पगार आणि लाभ भरून द्यायचे. दोन महिन्यांचा पगार ही कामगाराच्या घरात मोठी रक्कम असते. पण तिचं स्थान तारखेवर ठरतं. अर्ज दाखल झाल्यानंतर माणसांना काढलं, तर ही रक्कम साधारणपणे कामकाजाच्या खर्चात धरली जाते, म्हणजे रांगेत वर. अर्जाआधी काढलं, तर ते जुनं देणं ठरतं आणि पगाराच्या त्याच कुंपणात, त्याच मर्यादेत बसवलं जातं. यलोनं माणसांना काढलं ते अर्जाच्या आधी. नोटिशीतून सुटायला कंपनीला आणखीही वाटा आहेत: भांडवल मिळवायची खटपट चालू होती, नोटीस दिली असती तर ते हातचं गेलं असतं, संकट अचानक आलं, आम्ही धंदा करतच नव्हतो, फक्त आवराआवर करत होतो, म्हणून आम्ही ‘मालक’च नव्हतो. यलोच्या खटल्यात कंपनीनं हे मुद्दे मांडले. मला त्यातला शेवटचा मुद्दा सगळ्यांत धोक्याचा वाटतो. काल जो मालक होता तो आज नोटीस द्यायच्या वेळी मालक राहत नाही, असं म्हणायला कायद्यानं जागा ठेवावी हेच मला पटत नाही.

मालवाहतुकीत आणखी एक देणं असतं, ते कुठल्याच अर्जात लिहिता येत नाही. कारखाना बंद पडला तर कामगार फाटकाबाहेर उभा असतो, संध्याकाळी घरी जातो. ट्रकवाला कंपनी बुडते तेव्हा घरापासून हजार मैलांवर असतो. २००९ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, टल्सा शहरातली अ‍ॅरो ट्रकिंग ही कंपनी कोसळली तेव्हा ड्रायव्हरांना ते डिझेलच्या पंपावर कळलं. कंपनीचं इंधनाचं कार्ड चालेना. गाडीत डिझेल नाही, मागे कोणाचा तरी माल, खिशात पैसे नाहीत. गाड्यांना कर्ज दिलेल्या वित्तसंस्थेनं मग गाडी जवळच्या विक्रेत्याकडे नेऊन सोडणाऱ्याला घरी जायचं बसचं तिकीट देऊ केलं. तिला आपलं तारण परत हवं होतं. दहा वर्षांनी, २०१९ च्या डिसेंबरात, इंडियानापोलिसच्या सेलाडॉन कंपनीच्या ड्रायव्हरांवर तीच पाळी आली. ड्रायव्हरला घरी पोचवणं हा दिवाळखोरीच्या कामकाजातला पहिला खर्च असायला हवा, वकिलाच्या बिलाच्याही आधीचा. जहाजांवरच्या खलाशांना हे मिळालेलं आहे. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून अशी तरतूद लागू आहे, की मालकानं वाऱ्यावर सोडलं तर विम्यातून किंवा हमीतून खलाशाला घरी पाठवायचं आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार द्यायचा. समुद्रावर जे जमलं ते रस्त्यावर का जमू नये?

पेन्शनबद्दल थोडी बरी बातमी आहे. यलोचे बरेच कामगार ज्या पेन्शन फंडांत होते, त्यांत अनेक कंपन्या मिळून पैसे भरतात. कंपनी मेली तरी फंड मरत नाही. त्यांतला सेंट्रल स्टेट्स हा मोठा फंड स्वतःच बुडायला आला होता. २०२१ च्या कायद्याखाली केंद्र सरकारनं जवळजवळ ३,६०० कोटी डॉलर घातले म्हणून तो तरला. १९८० पासून असाही कायदा आहे, की अशा फंडातून बाहेर पडणाऱ्या कंपनीनं, कबूल केलेल्या पेन्शनसाठी फंडात जेवढे पैसे कमी पडतात त्यातला आपला वाटा भरून जायचं. तेव्हा मिळवलेली पेन्शन राहते. वाढायची मात्र थांबते. आणि पूर्ण पेन्शनसाठीची तीस वर्षं भरायला ज्याची दोन वर्षं उरली होती, अशा माणसाला त्या दोन वर्षांची किंमत विचारा.

आता मी म्हटलं होतं त्या चौदा वर्षांकडे येतो. यलोनं २००३ मध्ये रोडवे आणि २००५ मध्ये यूएसएफ या कंपन्या विकत घेतल्या आणि कर्जाचा डोंगर करून ठेवला. त्यात २००८ ची मंदी आली. कंपनी वाचवायची म्हणून २००९ मध्ये युनियनच्या सभासदांनी मतदान करून आधी १० टक्के, मग आणखी ५ टक्के पगारकपात मान्य केली. पेन्शन फंडातली कंपनीची वर्गणी थांबली. २०११ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पण जुन्या दराच्या एक चतुर्थांशानं. २०२० च्या साथीत सरकारनं कंपनीला ७० कोटी डॉलर कर्ज दिलं.

मग २०२३ च्या डिसेंबरात यलोची सुमारे १३० टर्मिनलं १८८ कोटी डॉलरना विकली गेली. हा धंदा सुट्या मालाचा होता: एका ट्रेलरमध्ये वीस जणांचा माल, तो टर्मिनलच्या डॉकवर उतरवायचा, वाटायचा, पुन्हा भरायचा. म्हणून शहरांजवळच्या त्या जागा सोन्याच्या मोलाच्या होत्या. त्या पैशातून तारण असलेल्यांचं कर्ज फिटलं, सरकारचंही व्याजासकट फिटलं. सरकारचं कर्ज साथीच्या वेळचं, कामगारांचं २००९ पासूनचं. पण कामगाराच्या दाव्याचा अर्ज विचारतो शेवटचे १८० दिवस. कायद्याच्या दृष्टीनं त्यात चूक काही नाही, कारण कपात करारानं मान्य केलेली होती, म्हणजे देणं उरलंच नाही. मला वाटतं चूक त्या करारांत झाली. पगार सोडून देताना तो पुढे कर्ज म्हणून लिहून घ्यायला हवा होता, आणि त्याला टर्मिनलचं तारण लावून घ्यायला हवं होतं. बँकेनं दुसरं काय केलं? सवलत मागायला आलेल्या कंपनीसमोर बसणाऱ्या प्रत्येक युनियननं ही एक अट टेबलावर ठेवावी, असं मी आता प्रत्येक ठिकाणी सांगतो.

काही देशांनी वेगळी वाट धरली आहे. ब्रिटनमध्ये सिटी लिंक ही पार्सल कंपनी बुडाल्याचं २०१४ मध्ये ऐन नाताळच्या दिवशी जाहीर झालं. सुमारे २,७०० नोकऱ्या होत्या. तिथे थकलेला पगार, रजा आणि नोकरी गेल्याची भरपाई ठरावीक मर्यादेपर्यंत सरकारी निधी देतो आणि मग कामगाराच्या जागी तो निधी रांगेत उभा राहतो. वाट पाहायची ती सरकारनं, घरभाडं थकलेल्या माणसानं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९२ चा १७३ क्रमांकाचा करार हे दोन्ही मार्ग सांगतो: रांगेत अग्रक्रम किंवा हमी निधी. अमेरिकेत संपूर्ण देशासाठी असा निधी नाही.

पण ब्रिटनमध्येही स्वतःची व्हॅन घेऊन कंत्राटावर काम करणारे या संरक्षणाबाहेर राहिले. गणवेश कंपनीचा, रंग कंपनीचा, कागदावर मात्र ‘स्वतंत्र व्यावसायिक’. हीच माणसं व्हॅनचे हप्ते स्वतः भरत असतात, म्हणून त्यांचं दुहेरी मरण होतं. कंत्राटावरच्या ड्रायव्हरनं आपण खरोखर कामगार आहोत हा दावा कंपनी चालू असतानाच लढवावा. बुडाल्यावर तो लढायला समोर कोणी उरत नाही.

शेवटी कागदांविषयी, कारण अमेरिकेतले असोत वा कुठलेही, दावे कागदावर टिकतात किंवा पडतात. तिथे ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची नोंद कंपनीनं सहा महिने ठेवायची असते. ती नोंद आता यंत्रात असते, आणि कंपनीचं खातं बंद झालं की ड्रायव्हरला ती दिसत नाही. म्हणून पगाराच्या पावत्या, रजेची शिल्लक, फेऱ्यांची नोंद, स्वतःच्या खिशातून भरलेल्या डिझेलची पावती यांच्या प्रती घरी हव्यात, कंपनी धडधाकट असतानाही. शेवटच्या चेकसोबत सही करायला कागद आला तर वाचल्याशिवाय सही करू नये. त्यात अनेकदा पुढचे सगळे दावे सोडल्याचं लिहिलेलं असतं. दावा दाखल करायची अंतिम तारीख कोर्ट ठरवतं. आणि नोकरी गेल्यावर माणूस भाड्याचं घर सोडून दुसऱ्या गावी जातो, तारखेची नोटीस मात्र कंपनीच्या वहीतल्या जुन्या पत्त्यावर पडते. पत्ता बदलला की पहिलं पत्र कोर्टाच्या दाव्यांच्या कचेरीला लिहावं, दुसरं पेन्शन फंडाला.