‘कोणी सांगितलं?’ : एमएसडब्ल्यूच्या दोन वर्षांविषयी

(समाजकार्य महाविद्यालयात एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

प्राचार्य, प्राध्यापक मंडळी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मला दिलेला विषय आहे ‘समाजकार्यातील करिअरची तयारी’. मी सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. त्यामुळे माझी उदाहरणं वॉर्डातलीच येतील. तुमच्यातले काही बालगृहात जातील, काही वस्तीत, काही न्यायालयात. पण मी ज्याबद्दल बोलणार आहे ते सगळीकडे लागतं.

गावाकडे कुणी विचारलं, मुलगी काय शिकते, की घरचे सांगतात, ‘समाजसेवेचा कोर्स करतेय.’ मग समोरचा म्हणतो, त्याला कॉलेज कशाला लागतं? हा प्रश्न टाळू नका, तो रास्त आहे. गाडगेबाबांनी कुठल्याही पदवीशिवाय धर्मशाळा बांधल्या. आजही कॅन्सरचा रुग्ण मुंबईला टाटा रुग्णालयात पाठवायचा असला, की ‘राहायचं कुठं?’ या प्रश्नावर आमच्या तोंडी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचं नाव येतं. सेवेला पदवी लागत नाही. पण तुमच्या कॉलेजच्या पाटीवर ‘समाजकार्य’ लिहिलंय, समाजसेवा नाही. सेवा मनापासून केली की माणसाला समाधान मिळतं. इथे तेवढ्यावर भागत नाही. समोरच्याचं पुढे काय झालं, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागतो, आणि तो द्यायला शिकण्यासाठी ही दोन वर्षं आहेत.

या शिक्षणाची सुरुवात आपल्याकडेच झाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाड्याच्या दाट वस्तीत काम करत होते. नुसत्या तळमळीवर हे काम पेलत नाही, त्यासाठी माणसं घडवावी लागतील, हे त्यांना तिथे उमगलं. त्यातून १९३६ साली टाटा ट्रस्टच्या पैशावर देशातली समाजकार्याची पहिली शाळा उभी राहिली, तीच आजची ‘टिस’, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. मग १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन, १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, आणि पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत तुमच्या कॉलेजसारखी कॉलेजं. १९४६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातला पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. माझी खुर्ची त्या परंपरेतली आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

अभ्यासक्रमाबद्दल तुमचे प्राध्यापक सांगतीलच. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, संशोधन, प्रशासन, सामाजिक कृती ही नावं पुढच्या दोन वर्षांत तुमच्या तोंडात बसतील. मला बोलायचंय ते फील्डवर्कबद्दल. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही संस्थेत किंवा वस्तीत जाल, आल्यावर रेकॉर्डिंग, म्हणजे त्या दिवसाची लेखी नोंद, वहीत लिहाल, आणि सुपरवायझर ते वाचून आयसीत, म्हणजे एकेकट्या विद्यार्थ्याबरोबरच्या चर्चेत, तुमच्याशी बोलतील. बरेच विद्यार्थी रेकॉर्डिंगला कंटाळतात. शेवटच्या आठवड्यात बसून महिन्याभराचं लिहून काढतात, एकमेकांचं उतरवतात. मला हे कळलं की फार वाईट वाटतं, कारण माझ्यातली समाजकार्यकर्ती त्याच वहीत घडली. कशी, ते सांगते.

पहिल्या वर्षाला माझं फील्डवर्कचं प्लेसमेंट एका सरकारी रुग्णालयात होतं. वार मंगळवार आणि बुधवार. अस्थिरोग वॉर्डात एक शेतमजूर होता, पंचेचाळिशीचा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजन लावून बांधलेला. तीन आठवडे मी त्याच्याकडे जात होते. खाटेपाशी कधी कुणी दिसलं नाही. बायकोबद्दल विचारलं की तो छताकडे बघायचा आणि म्हणायचा, ‘हाय की.’ मी वहीत लिहिलं, ‘पत्नीला रुग्णाविषयी आस्था नाही. कुटुंबाचा आधार नाही.’ आपण काहीतरी शोधून काढलंय असं मला वाटत होतं. डॉक्टरांच्या राउंडलाही मी ते सांगितलं.

वही परत आली तेव्हा त्या दोन ओळींखाली लाल रेघ होती आणि समासात दोनच शब्द : ‘कोणी सांगितलं?’

आयसीत माझ्या सुपरवायझर मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, ‘तू गुरुवारी गेली आहेस का कधी?’

मी गुरुवारी गेले. बायको खाटेखाली बसून लसूण सोलत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, ‘मंगळवारी आमचा बाजार असतोय बाई, बुधवारी शेजारच्या गावचा. भाजी इकते मी. त्या पैशावरच तर ह्यांची दवा चाललीय. बाकी पाच दिस मी हितंच हाय.’ मग माझं लक्ष खाटेच्या लोखंडी दांडीकडे गेलं. दांडीला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली होती, सुबक, एकावर एक वेढे घेत. घासून घासून त्याचं कोपर सोलवटलं होतं, म्हणून तिनं ती बांधली होती. ती पट्टी मी तीन आठवडे बघत होते. ती कोणी बांधली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

माझ्या त्या दोन ओळींचा परिणाम झालाच होता. ‘घरचं कुणी नाही’ असं मी सांगितल्यामुळे, घरी गेल्यावर पाय कसा उचलायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे कुणी तिला शिकवलंच नव्हतं. सगळं नव्यानं करावं लागलं. त्या माणसाचं नुकसान थोडक्यात टळलं, पण तो प्रसंग माझ्या मनातून कधी गेला नाही.

म्हणून रेकॉर्डिंग लिहिताना चार गोष्टी वेगळ्या ठेवा : समोरचा काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. मी काय पाहिलं. मला काय वाटलं. आणि मी काय अंदाज केला. ‘पेशंट बेफिकीर आहे’ हा अंदाज झाला. ‘दोन तारखांना आला नाही’ ही घडलेली गोष्ट झाली, आणि ती लिहिल्यावर का आला नाही हे विचारायला जागा उरते. एसटीच्या भाड्याला पैसे नसतील, मजुरी बुडत असेल, मागच्या खेपेला कुणी वसकन अंगावर आलं असेल. बालकल्याण समितीपुढे किंवा कौटुंबिक न्यायालयात तुमचा अहवाल जाईल तेव्हा त्यातल्या एका विशेषणावर एखादं मूल घरी जायचं की संस्थेत, हे ठरू शकतं.

भाषेबद्दल बोलते, कारण तुमच्यातले बरेच जण खेड्यातून आले आहेत आणि इंग्रजी पुस्तकांनी घाबरलेले असणार. पुस्तकं इंग्रजीत आहेत हे खरं, आणि ती वाचावीच लागतील. पण वॉर्डात कुणीही इंग्रजीतून रडत नाही. तुम्हाला गोरमाटी येत असेल, पारधी येत असेल, कोकणी, अहिराणी, वऱ्हाडी येत असेल, तर सुखवस्तू घरांतल्या कितीतरी मुलांकडे नसलेलं भांडवल तुमच्याकडे आहे. ते लपवू नका. आणखी एक. ‘लाभार्थी’ हा शब्द सरकारी कागदावर लिहावा लागतो, पण बोलताना वापरू नका. हक्काचं घेणाऱ्याला लाभार्थी म्हणत गेलं की हळूहळू आपणच दाता होऊन बसतो.

हक्काचं काय आहे, हे मात्र पाठ पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. शिवाय बिलाच्या २ टक्के रकमेतून निर्धन रुग्णांसाठी निधी ठेवावा लागतो. हे माहीत नसलेला नातेवाईक दागिने गहाण टाकतो. माहीत असलेली समाजसेविका त्याला विचारते, रेशनकार्ड कुठल्या रंगाचं, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आहे का, आणि मग फोनवर बसते. योजना, कायदे, अर्जाचे नमुने यात रमणं कमीपणाचं वाटू देऊ नका. समुपदेशनाचे सुंदर शब्द ऐकायला माणसाच्या पोटात काहीतरी असावं लागतं.

दुसऱ्या वर्षाबद्दल थोडक्यात. स्पेशलायझेशन निवडताना कुठे नोकरी लवकर लागते एवढंच बघू नका, कुठल्या दुःखाजवळ तुम्ही रोज बसू शकता ते बघा. ब्लॉक प्लेसमेंटला, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग राहून करायच्या कामाला, शक्य तितकं घरापासून लांब जा. लघुशोधप्रबंधाचा विषय तुमच्या फील्डवर्कमधूनच काढा. समाजकार्याच्या शिक्षणातून केवढं उभं राहू शकतं, याची दोन उदाहरणं लक्षात ठेवा : मुंबई पोलीस आयुक्तालयातला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष, १९८४ चा, आणि मुलांसाठीचा १०९८ हा फोन, १९९६ चा. दोन्ही टिसच्या क्षेत्रप्रकल्पांतून सुरू झाले.

नोकरीबद्दल खोटी आशा दाखवणार नाही. सरकारी पदं थोडी आहेत. बऱ्याच जागा कंत्राटी, अकरा महिन्यांचा आदेश, मग पुन्हा अर्ज. वकिलांना बार कौन्सिल आहे; आपल्या सगळ्या व्यवसायासाठी तशी कायदेशीर परिषद अजून नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, तेवढंच. ही लढाई तुमच्या पिढीला संघटितपणे लढावी लागेल. दुसऱ्याच्या किमान वेतनासाठी अर्ज लिहिणाऱ्या मुलीनं स्वतः तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षं राबावं, हे मला मान्य नाही. एकीकडे नोकरी मिळवा आणि दुसरीकडे रास्त पगारासाठी भांडा.

सोमवारी प्लेसमेंटची यादी लागेल असं प्राचार्यांनी सांगितलंय. पहिल्या दिवशी काही करायला जाऊ नका. बसा, बघा, रात्री लिहून काढा. आणि शक्य असेल तर आपला वार नसताना एकदा जाऊन या.

माझी पहिल्या वर्षाची वही मी सोबत आणली आहे. रुग्णाचं नाव, गाव मी तेव्हाच शाईनं पूर्ण खोडलं होतं. तुमच्याही वहीत नाव नसावं, फक्त अक्षर आणि क्रमांक. बाकावरून बाकावर फिरवा. पान सतरा. लाल रेघ आता फिकट झालीय, पण समासातले ते दोन शब्द वाचता येतात.