मतदारसंघाची रेषा आणि सीमाभाग

श्रोतेहो, नमस्कार.

2008 च्या मे महिन्यात कर्नाटक विधानसभेची निवडणूक नव्या मतदारसंघांनुसार झाली. तेव्हा बेळगावजवळच्या उचगावच्या एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मतदार यादीवर बोट ठेवून मला विचारले होते, "गाव हाय तिथंच हाय, मग उचगाव मतदारसंघ गेला कुठं?"

राज्यघटनेच्या 81 व्या अनुच्छेदानुसार लोकसभेच्या जागा आणि लोकसंख्या यांचे प्रमाण सर्व राज्यांत शक्यतो सारखे असावे, आणि 82 व्या अनुच्छेदानुसार ते दर जनगणनेनंतर नव्याने जुळवावे. कुटुंबनियोजन राबवणाऱ्या राज्यांचे नुकसान होऊ नये म्हणून 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा 1971 च्या जनगणनेवर गोठवल्या, आणि 84 व्या दुरुस्तीने ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. हेतू रास्त होता. पण 2011 च्या लोकसंख्येनुसार केरळात एका खासदारामागे सुमारे 17 लाख लोक येतात, तर राजस्थानात 27 लाखांहून अधिक. कर्नाटकात हा आकडा सुमारे 22 लाख आणि महाराष्ट्रात 23 लाख आहे.

कोणत्या राज्याला किती जागा, यावर वाद पुष्कळ होतात. मला मात्र आपल्यासाठी राज्याच्या आतली मतदारसंघांची रेषा अधिक मोलाची वाटते, कारण ती 1971 च्या जनगणनेला बांधलेली राहिली नाही. 2001 च्या जनगणनेवरून ती पुन्हा आखली गेली, आणि तीतच उचगाव मतदारसंघ नाहीसा झाला.

खानापूरचे उदाहरण पाहा. तालुका बेळगाव जिल्ह्यातला, बाजार आणि दवाखाना बेळगावचा. परंतु लोकसभेसाठी तो उत्तर कन्नड मतदारसंघात आहे, त्यामुळे मलप्रभेच्या उगमाजवळचा कणकुंबीचा मतदार आणि भटकळच्या किनाऱ्यावरचा कोळी एकच खासदार निवडतात. दोघांच्या अडचणी एका माणसाने कशा मांडाव्यात, हा प्रश्न मला दर निवडणुकीला सतावतो.

मतदारसंघ आखताना काय पाहावे, हे 2002 च्या परिसीमन कायद्याने सांगितले आहे: सलग भूभाग, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय. त्यात भाषेचा उल्लेख नाही. म्हणून "आम्ही मराठी भाषक आहोत" एवढेच लिहिलेली हरकत, ती कितीही खरी असली, तरी या रेषा आखणाऱ्या परिसीमन आयोगापुढे दुबळी ठरते. खेड्याखेड्यांतून बेळगावला येणारा रस्ता, पावसाळ्यात बंद पडणारा घाट, तालुक्याची हद्द, आठवड्याचा बाजार हे गावांच्या नावांनिशी लिहिले, तर मात्र ती कायद्याच्या निकषांवरच उभी राहते.

त्या कायद्यानुसार आयोगाने आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवायच्या आणि जाहीर सुनावणी घ्यायची असते. अंतिम आदेश राजपत्रात आला, की न्यायालयात दाद मागण्याची वाट जवळजवळ बंद होते. तेव्हा पुढचा मसुदा निघेल त्या आठवड्यात ग्रामपंचायतीत तो मोठ्याने वाचून घ्या, आपले गाव कोणत्या गावांसोबत टाकले आहे ते पाहा, आणि हरकत मुदतीच्या आत लेखी नोंदवून पोच घ्या.