स्क्रीन काळी होते तेव्हा

(स्क्रीन पूर्ण काळी. पाच सेकंद काहीच नाही.)

थांबा, नेट गेलेलं नाही. मोबाईल पण ठीक आहे. ही काळी स्क्रीन मुद्दाम ठेवलीये, कारण आज मला दोन मराठी सिनेमांतल्या दोन काळ्या स्क्रीनबद्दल बोलायचंय, एक 'कोर्ट'मधली आणि एक 'फँड्री'मधली. दोन्हीकडे पडद्यावर काहीच दिसत नाही आणि तरी दोन्हीकडे पोटात वेगवेगळं काहीतरी होतं. का होतं, तर त्याच्या आधीचे दीड-दोन तास कॅमेरा कुठे उभा होता त्यामुळे. सिनेमा बघताना आपण स्टोरी बघतो, अ‍ॅक्टिंग बघतो, गाणी कशी होती ते बोलतो, पण आपल्याला बसवलंय कुठे हे कोणी बघतच नाही.

(दृश्य: स्टेजवर गाणारा शाहीर, खूप लांबून)

आधी 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणेचा सिनेमा, २०१४ ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला गेला, तिथे बक्षिसं मिळाली, मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे थेटरात लागला. गोष्ट साधी आहे. नारायण कांबळे नावाचा म्हातारा लोकशाहीर, वीरा साथीदारांनी केलाय तो रोल, आणि त्याच्यावर आरोप असा की याचं गाणं ऐकून गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने जीव दिला.

अटकेचा सीन आठवा. शाहीर स्टेजवर गातोय, मागे कोरस, आणि पोलीस सरळ स्टेजवर चढतात. आता हाच सीन दुसऱ्या कोणी केला असता तर आधी पोलिसांचे बूट दाखवले असते, मग शाहिराचे डोळे, मग पब्लिकमधली एखादी घाबरलेली बाई आणि खालून ढँण्ण करून म्युझिक. इथे यातलं काही नाही. कॅमेरा आपला मागे पब्लिकमध्येच, जणू आपण उशिरा आलोय आणि पुढे जागाच मिळाली नाही. स्टेजवर काहीतरी चाललंय एवढंच कळतं.

पुढे कोर्टरूममध्ये पण तेच. मृणाल देसाईंचा कॅमेरा बहुतेक वेळा ट्रायपॉडवर गप्प बसलेला असतो, लांब, रुंद फ्रेम. ज्यांनी कधी तारखा काढल्यात त्यांना हे लगेच कळेल. मी लहानपणी आजोबांबरोबर जमिनीच्या केसला जायचो, तर मला जज्जसाहेबांचा चेहरा आजिबात आठवत नाही, पंखा आठवतो आणि लाल फडक्यात बांधलेल्या फायली आठवतात, कारण बाकावर बसून आपल्याला नजर कुठे वळवायची ते कोणी सांगत नाही. 'कोर्ट'चा कॅमेरा आपल्याला त्याच बाकावर बसवतो. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, लांबच लांब इंग्रजी कलमं एका सुरात वाचत राहते, आपल्याला कंटाळा येतो, आणि तो यायलाच पाहिजे. त्या कंटाळ्यातच तो माणूस जेलमध्ये सडतोय.

बरं, आपण नूतनला व्हिलन करून मोकळे होऊ तर तेही जमत नाही, कारण कॅमेरा तिच्याबरोबर लोकलमध्ये चढतो, पोराला घ्यायला जातो, घरी स्वयंपाकाला उभा राहतो. बचावाच्या वकिलामागे सुपरमार्केटात जातो तितक्याच शांतपणे. कोणाच्या बाजूने जास्त पुढे सरकत नाही.

आणि मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते तेव्हा? ती सांगते की गटारात उतरायच्या आधी नवरा झुरळं आहेत का बघायचा. झुरळं दिसली की समजायचं, आत हवा आहे. हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. कॅमेरा तिच्या डोळ्यांत घुसत नाही, खाली व्हायोलिन वाजत नाही. वाजलं असतं तर आपण दोन टिपं गाळली असती आणि हलके होऊन घरी गेलो असतो, आता ते झुरळ डोक्यातून जात नाही.

म्युझिकचं निघालंच आहे म्हणून सांगतो, हे काही परदेशातून आलेलं नवीन फॅड नाहीये. १९३७ ला प्रभात फिल्म कंपनीच्या 'कुंकू' सिनेमामध्ये व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीत जवळपास काढूनच टाकलं होतं. घरातले, रस्त्यावरचे, रोजचे आवाज तेवढे ठेवले. त्या काळात, जेव्हा बोलपटाला गाण्यांशिवाय कोणी विचारत नव्हतं! यावर वेगळा व्हिडिओ करीन कधीतरी.

(दृश्य: रिकामी कोर्टरूम)

तर काळी स्क्रीन. उन्हाळ्याची सुट्टी लागते, कोर्ट उठतं, सगळे निघून जातात. खिडक्या-दारं लागतात, दिवे एकेक करून बंद होतात आणि अंधार. कॅमेरा मात्र आतच आहे. म्हणजे आपण आतच आहोत, बाकावर, आणि बाहेरून दार लावणाऱ्याला पत्ता नाही. सिनेमा इथे संपला असं वाटतं, थेटरात लोक चपला शोधायला लागतात, आणि मग येतो जज्जसाहेबांच्या पिकनिकचा सीन. साहेब नातेवाइकांना न्यूमरॉलॉजीचे सल्ले देतात, बाकावर झोपतात, पोरं ओरडून उठवतात, हाताशी आलेल्या पोराला साहेब एक ठेवून देतात आणि पुन्हा डुलकी. कॅमेऱ्याची शिस्त तीच, कोर्टातलीच. म्हणून ती थप्पड नुसती थप्पड वाटत नाही, निकाल वाटतो.

(दृश्य: माळरान, धावणारं डुक्कर)

'फँड्री'चं गणित उलटं आहे. नागराज मंजुळेचा सिनेमा, २०१३ चा, आपल्याकडे थेटरात २०१४ च्या फेब्रुवारीत. कॅमेरा विक्रम अमलाडींचा. इथे आपण सुरुवातीपासून जब्याला चिकटलेलो असतो, म्हणजे गावाने डुकरं पकडायला लावलेल्या एका दलित घरातल्या शाळकरी पोराला. तो काळ्या चिमणीमागे पळतो, आपण पळतो. वर्गातली शालू त्याला आवडते, तिला आपण त्याच्याच नजरेतनं बघतो, वर्गातल्या एवढ्या अंतरावरून, आणि तो तिच्याशी एक शब्द बोलत नाही म्हणून आपल्यालाही ती कधी नीट भेटत नाही. इतकं आपण त्याचे होऊन जातो.

आणि मग डुक्कर पकडायचा सीन येतो. जब्याचं अख्खं घर शाळेजवळ डुकरामागे पळतंय, आणि कॅमेरा हळूच उठून गावकऱ्यांत जाऊन बसतो. तिथनं ते सगळं कॉमेडी दिसतं! कोणी घसरतंय, कोणी शिव्या घालतंय, पोरं मोबाईलवर फोटो काढतायत. पुण्यातल्या ज्या थेटरात मी बघितला तिथे लोक खो खो हसत होते, मी पण हसलो, खोटं कशाला बोलू.

डुक्कर आता हातात येणार, फास आवळायचा तेवढा बाकी आहे, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी ताठ. मग बाप थांबतो, किशोर कदमांचा चेहरा बघा त्या वेळी, मग सगळेच. हलतंय फक्त डुक्कर. ते निवांत चालत निघून जातं. हसू अर्ध्यावरच राहिलेलं असतं आणि ते गिळावं की सोडावं कळत नाही. पुढे तेच डुक्कर बांबूला उलटं बांधून नेतात तेव्हा मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, शाहू महाराज. कॅमेरा त्या चित्रांवर झूम मारत नाही, माणसं त्यांच्यासमोरून ओझं घेऊन चालत जातात आणि जातात.

मग गावातल्या पोरांची चिडवाचिडवी, मग दगड. जब्या भिरकावतो आणि तो शेवटचा दगड थेट आपल्याकडे येतो, कॅमेऱ्यावर, आणि स्क्रीन काळी.

बऱ्याच लोकांनी लिहिलंय की हा दगड समाजाला मारलाय. असेल. पण तो लागतो तो कॅमेरा थोड्या वेळापूर्वी कुठे जाऊन बसला होता त्यामुळे. सिनेमाभर कॅमेरा जब्याच्याच बाजूला ठेवला असता तर आपण आरामात म्हटलं असतं, मार रे पोरा, हाण त्यांना. मी तर मान बाजूला घेतली होती, पडद्यावरच्या दगडाला, एवढा घोडा झालेला माणूस. शेजारच्या काकांनी पण घेतली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं.

परत बघाल तेव्हा एक करा, तो डुकराचा सीन एकदा आवाज बंद करून बघा. राष्ट्रगीत ऐकू येणार नाही, त्यामुळे ही माणसं का थांबली ते कळणारच नाही. नुसतं एक घर उन्हात उभं दिसेल आणि मधून चालत जाणारं डुक्कर.

(स्क्रीन काळी.)